एक तांब्या पाणी : लातूरच्या एका बालवाडीतील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

ज्या मुलीविषयी ही नोंद आहे तिला घरी चिऊ म्हणतात आणि येथेही तेवढेच नाव पुरे आहे. जून २०२३ मध्ये ती आमच्या बालवाडीत आली तेव्हा चार वर्षे दोन महिन्यांची होती. ही बालवाडी लातूर शहराच्या कडेला, शेतजमिनीचे प्लॉट पाडून उभ्या राहिलेल्या एका वस्तीत, दोन खोल्या आणि पत्र्याची पडवी एवढ्या जागेत चालते. तीन ते सहा वयाची २३ मुले एकत्र बसतात. आम्ही दोघी शिक्षिका आणि एक मदतनीस मावशी असे तिघींचे मनुष्यबळ आहे. माँटेसरी पद्धतीचे, म्हणजे मुलाने स्वतः काम निवडून साधने हाताळत शिकण्याच्या पद्धतीचे, प्रशिक्षण मी घेतलेले आहे, माझ्या सहकारी बाईंनी घेतलेले नाही, आणि या प्रकरणात त्याचा फायदा कोणाला झाला हे पुढे दिसेलच.

चिऊचे वडील आडत दुकानात मुनीम आहेत. आई शिकवणी वर्गांसाठी बाहेरगावाहून लातुरात येऊन राहिलेल्या १४ मुलांचे डबे करते. आजी मूळच्या औसा तालुक्यातल्या एका गावच्या. शेती वाट्याने देऊन त्या मुलाकडे राहायला आल्या. घरात नळ आहे, परंतु त्याला पाणी येण्याचा दिवस धरून चालता येत नाही, त्यामुळे टँकर घेऊन दोनशे लिटरचे दोन ड्रम भरून ठेवले जातात. डब्यांचा धंदा त्या दोन ड्रमांवर चालतो. लातूरकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही, पण बाहेरच्या वाचकासाठी एवढे नोंदवते की १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन या शहरात आली होती आणि त्याच्या आधीच्या महिन्यात पाणवठ्यांजवळ भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. तो उन्हाळा पाहिलेल्या घरात ड्रमाला हात लावायचा नाही हा नियम लेकराला चालता येण्याच्या आधी शिकवला जातो.

घडले ते

पाणी ओतण्याचे काम हे माँटेसरी पद्धतीतील जीवनव्यवहाराच्या कामांपैकी अगदी सुरुवातीचे काम. तबकात दोन भांडी, एक स्पंज. एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतायचे, पुन्हा परत ओतायचे, सांडले तर स्पंजाने टिपून घ्यायचे आणि तबक जागेवर ठेवून द्यायचे. सांडलेले पाणी स्वतःच चूक दाखवते, म्हणून मोठ्या माणसाने ‘चुकलं’ म्हणण्याची वेळ येत नाही. प्रशिक्षणात आम्हाला सांगितले होते की आधी धान्य ओतायला द्यावे आणि हात बसला की पाणी द्यावे. जूनमध्ये सगळी मुले धान्यावर होती. चिऊ दुसऱ्याच आठवड्यात पाण्यावर गेली आणि मग तिने दुसरे कोणतेही तबक उचलले नाही.

जुलैत एका सकाळी मी मोजले, तिने एकाच बैठकीत ३१ वेळा ओतले. अशा पुनरावृत्तीचे एक जुने उदाहरण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ असते: ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो वस्तीत सुरू झालेल्या ‘बालगृह’ या शाळेत ही पद्धत घडवणाऱ्या मारिया माँटेसरींनी तीनेक वर्षांची एक मुलगी दट्ट्यांच्या पेटीवर, म्हणजे लहानमोठे लाकडी दट्टे आपापल्या भोकांत बसवण्याच्या साधनावर, चाळीसहून अधिक वेळा तेच काम करताना पाहिली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले तरी तिचे लक्ष ढळले नाही. मला अर्थातच ते उदाहरण आठवले आणि मी खूश झाले. सहकारी बाई मात्र म्हणाल्या, “पण ही ओततेय कुठं? नुसती बघत बसते.” त्या वाक्याकडे मी लक्ष दिले नाही.

ऑगस्ट कोरडा गेला. २०२३ चा ऑगस्ट देशभरच पावसाने ओढ दिलेला महिना होता आणि आमच्या वस्तीत त्याचा पहिला परिणाम बोअरवर झाला; सकाळी दहा मिनिटे चालून मोटर हवा ओढू लागे. टँकरचे पाणी मुलांना प्यायला, हात धुवायला आणि शौचालयाला पुरवायचे तर ओतण्याच्या कामाला पाणी देणे परवडणारे नव्हते. मी तबकांतले पाणी काढून त्या जागी ज्वारी ठेवली. बहुतेक मुलांना फरक पडला नाही. चिऊने दोनदा ओतले, तबक ठेवून दिले आणि मोरीच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. पुढचे तीन आठवडे माझ्या नोंदवहीत ‘कामात रमत नाही’ हीच नोंद वेगवेगळ्या शब्दांत आहे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, टँकर येऊन गेल्यावर, आई स्वयंपाकात आणि आजी दुपारच्या झोपेत असताना चिऊने ड्रमाची तोटी सोडून फुलपात्र भरायला घेतले. तोटी तिच्याने बंद झाली नाही. आजी जाग्या होईपर्यंत अर्धा ड्रम अंगणातून रस्त्यावर गेला होता. संध्याकाळच्या डब्यांचे पाणी शेजारून मागून आणावे लागले आणि वडिलांनी घरी आल्यावर तिला चापट मारली.

दुसऱ्या दिवशी वडील आणि आजी दोघेही बालवाडीत आले. वडील म्हणाले, “मॅडम, तुम्ही इथं पाण्याचे खेळ घ्यायलाव, अन् आम्ही तिकडं टँकरला पैसे मोजायलाव.” आजींनी एवढेच विचारले, “लेकराला पानी वतायला शिकविता का वो बाई तुम्ही?” मी त्यांना सांगितले की महिन्याभरापासून आम्ही पाणी बंदच केले आहे. ते सांगताना मला वाटत होते की मी आमची बाजू मांडते आहे. वास्तविक तेच आमच्यावरचे खरे दोषारोपण होते, कारण जे इथे मिळेनासे झाले ते मुलीने घरी शोधले होते.

आमची चूक

त्यानंतरचे अकरा शाळेचे दिवस चिऊने कशालाही हात लावला नाही. बस्कर घ्यायची, भिंतीशी पसरायची, बसायची. रडत नव्हती, खाऊ खात होती, विचारले तर उत्तर देत होती. मी तिच्यापुढे गुलाबी मनोरा, म्हणजे एकावर एक रचायचे लहानमोठे ठोकळे, ठेवून पाहिला, बोट फिरवून गिरवायची खरखरीत अक्षरे ठेवून पाहिली. प्रशिक्षित माणसाला आपल्याकडे साधने पुष्कळ आहेत याचा एक फाजील विश्वास असतो, तो मलाही होता.

कोडे मावशींनी सोडवले. मोरीत भांडी विसळताना चिऊ उंबऱ्यावर बसलेली असे आणि कधीमधी मावशी तिच्यापुढे विसळलेले फुलपात्र ठेवत. त्या मला म्हणाल्या, “बाई, ती वतायचं काम करीत नाही. ती काठ बगायली.” दुसऱ्या दिवशी मी दाराआडून पाहिले. चिऊने फुलपात्र काठोकाठ भरून घेतले, फरशीवर पालथी झाली आणि गाल जमिनीला टेकवून पाण्याच्या पातळीशी डोळा आणला. मग बोटाचे टोक पाण्यात बुडवून एकेक थेंब वरून सोडू लागली. पाणी काठाच्या वर आले तरी सांडले नाही; काठावर ते भाकरीसारखे फुगून उभे राहिले. चिऊचा श्वास थांबलेला होता. सातव्या की आठव्या थेंबाला तो फुगवटा एका बाजूने फुटला, पाण्याची एक रेघ फुलपात्राच्या पोटावरून खाली आली, आणि तेव्हा तिने श्वास सोडला.

पाण्याचे कण एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि भांड्याच्या काठापेक्षा थोडा वर जाऊनही पाणी टिकते, हे आपण शाळेत पृष्ठताण या नावाने शिकतो आणि विसरतो. चार वर्षांची मुलगी तीन महिने तेच पाहत होती. ज्वारी तिच्या उपयोगाची नव्हती. मी ओतण्याच्या कामाकडे मनगटाचा व्यायाम म्हणून पाहत होते, आणि त्या हिशेबाने ज्वारी काय, पाणी काय, एकच. म्हणून मी निर्धास्तपणे एकाच्या जागी दुसरे ठेवले. बालकेंद्री पद्धत म्हणवून घेताना मुलाने काम निवडावे एवढी मोकळीक आम्ही दिली होती, पण त्या कामात मुलाने नेमके काय निवडले आहे ते पाहण्याचे कष्ट घेतले नव्हते. मला ३१ हा आकडा दिसला. तो कशाचा आकडा आहे हे मावशींना दिसले.

भेट

वडिलांना आणि आजींना मी पुन्हा बोलावले. या वेळी आईही आली, डबे लवकर आटोपून. मी झालेली चूक सांगितली आणि चिऊला पाणी पुन्हा द्यावे लागेल असे म्हटले. वडिलांचे म्हणणे वेगळेच निघाले. त्यांना पाण्यापेक्षा पाटीची काळजी होती: मुलगी पाचाची होत आली, शेजारच्या घरातले त्याच वयाचे पोर शंभरपर्यंत आकडे लिहिते, आणि आपली चिऊ पेन्सील धरत नाही. लातुरात हे म्हणणे साहजिक आहे. ज्या गावाच्या नावाने परीक्षेचा एक ‘पॅटर्न’ ओळखला जातो तेथे बाप बालवाडीतही गुणपत्रिकेच्या नजरेनेच पाहणार. मी त्यांना २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एकाच पायाभूत टप्प्यात धरला आहे, लेखनाची घाई नको असे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पटले असे वाटले नाही.

पाण्याविषयी मार्ग काढला तो आजींनी आणि तो बोलता बोलता निघाला. मी फुलपात्र भरून काठावरचा फुगवटा दाखवत होते. आजी आधी म्हणाल्या, “पान्याला शीग लागत नसती, शीग दान्याला लागती.” ज्यांनी मापाने धान्य मोजलेले पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते: मापटे काठाशी सपाट न भरता वर धान्याचा ढीग ठेवून भरले की त्याला शीग लावून मोजणे म्हणतात, आणि देणाऱ्याचे मन त्या शिगेवरून कळते. मग त्यांनी वाकून पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि “आता गं,” एवढेच म्हणाल्या. चिऊ त्यांच्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, “आज्जी, पाण्याची शीग.” अकरा दिवसांनंतर बालवाडीत ती आपणहून बोललेले हे पहिले वाक्य.

त्यानंतर आजींनी विचारले, की शीग बघायला पाणी लागते किती? एक फुलपात्र. सांडले-लवंडले धरून? तांब्याभर. मग तांब्याभर द्या, त्यावर देऊ नका. वडिलांनी मुनिमाच्या सवयीने तांब्या मोजूनच घेतला, सव्वा लिटरच्या आत भरला. हे काम घेणाऱ्या प्रत्येक मुलाला सकाळी एक तांब्या पाणी. त्याचे काय करायचे ते त्याने ठरवायचे. संपले की संपले. उरलेले आणि टिपलेले पाणी बादलीत, बादली दुपारी कडुनिंबाच्या रोपाला. पाणी ओतण्याचे काम रोज चारपाच मुलेच घेतात, तेव्हा हा खर्च दिवसाला एका घागरीत बसत होता आणि शेवटी झाडाला जाणारच होता. हा साधा हिशेब मी ऑगस्टमध्ये का केला नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही. घरासाठी आईने सुचवले की तांदूळ आणि डाळ धुतलेले पाणी रोज निघतेच, ते चिऊला द्यायचे आणि तिने खेळून झाल्यावर तुळशीला घालायचे. ड्रमाची तोटी मात्र कोणीतरी मोठ्या माणसाने सोडायची.

एक तांब्या

तिसऱ्याच दिवशी चिऊने पहिल्या मिनिटाला तांब्या कलंडवला. सगळे पाणी तबकातून फरशीवर गेले. तिने माझ्याकडे पाहिले, मग सहकारी बाईंकडे पाहिले आणि ओठ काढून रडू लागली. बाईंना राहवेना, त्या अर्धा तांब्या देऊ म्हणाल्या. आमची तेथेच दबक्या आवाजात खडाजंगी झाली. माझे म्हणणे होते की आज दिले तर उद्यापासून तो तांब्या पाण्याचा राहणार नाही, बाईंच्या मनाचा होईल. ज्या मुलाला रडता येते त्याला जास्त मिळेल. त्यांचे म्हणणे होते की चापट खाऊन आलेल्या लेकराशी धडा घालायची ही वेळ नव्हे. आजही मला त्यांचे म्हणणे पूर्ण चूक वाटत नाही. आम्ही वाद घालत असतानाच चिऊने स्पंज उचलला. फरशी टिपली, स्पंज फुलपात्रात पिळला, पुन्हा टिपली, पुन्हा पिळला. पाणी गढूळ झाले होते, त्यात एक केस आणि खडूचा चुरा होता, पण फुलपात्र अर्ध्याच्या वर भरले. मग तिने कपाटातून लहान वाटी आणली, ते पाणी वाटीत ओतून काठापर्यंत आणले आणि फरशीवर पालथी झाली.

दुसऱ्या दिवसापासून ती तांब्या तबकात न ठेवता भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू लागली आणि फुलपात्राखाली ताटली घेऊ लागली. यातले काहीही आम्ही शिकवलेले नव्हते.

माँटेसरी पद्धतीविषयी आपल्याकडे दोन टोकांचे गैरसमज आहेत: एक म्हणजे मुलाला हवे ते करू द्यायचे, आणि दुसरा म्हणजे महागडी लाकडी साधने विकत घ्यायची. या पद्धतीत स्वातंत्र्याला मर्यादा असतेच. प्रश्न असतो तो मर्यादा कोठून येते याचा. ‘ड्रमाला हात लावायचा नाही’ आणि ‘तांब्यात एवढेच आहे’ ही दोन्ही बंधनेच. पहिल्यात मूल मोठ्या माणसाच्या धाकाकडे पाहते आणि माणूस झोपला की तोटी सोडते. दुसऱ्यात ते तांब्याकडे पाहते, आणि तांब्या झोपत नाही. साधनांविषयी म्हणाल तर तो प्रश्न महाराष्ट्रात फार आधी सुटला आहे. भावनगरला गुजरातेतले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले तेव्हा बिया, शिंपले, पाने, माती यांचीच साधने केली आणि मुले बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली. आजींची मापे त्याच परंपरेत बसणारी होती. त्यांनी गावाकडून जुने चिपटे आणि मापटे आणून दिले. दोन चिपट्यांचे एक मापटे आणि दोन मापट्यांचा एक शेर हा दुपटीचा हिशेब मुलांनी ज्वारी भरभरून स्वतः पडताळला. चिऊनेही पडताळला, आणि या वेळी तिला ज्वारीचे वावडे नव्हते, कारण ज्वारी आता पाण्याची बदली म्हणून आलेली नव्हती.

सगळ्याच मुलांना तांब्याचा नियम लाभला असे नाही. साडेतीन वर्षांचा एक मुलगा रोज आपला तांब्या उचलून आधी निम्मा पिऊन टाकी आणि उरलेल्यात काम करी. त्याला आम्ही काही म्हणालो नाही, फक्त पाणी गाळून देऊ लागलो. दोघी बहिणींनी आपले पाणी सांभाळून ठेवण्याचा ध्यास घेतला, त्या कामच करेनात, सुट्टी होईपर्यंत भरलेला तांब्या राखत बसत. टंचाईच्या घरातली मुले टंचाई खेळातही आणतात, हे त्यांच्याकडे पाहून कळले आणि त्यावर आम्हाला उपाय सापडला नाही.

लेखनाचे म्हणाल तर चिऊने पेन्सील फेब्रुवारीत धरली, आकड्यांसाठी नव्हे, कडुनिंबाच्या बादलीवर आपले नाव घालण्यासाठी. मार्चपर्यंत तिला खरखरीत अक्षरांवरून बोट फिरवून तेरा अक्षरे ओळखता येत होती आणि त्यांतली सहा लिहिता येत होती. हात तयार झाला तो ओतण्याने, की वयाने, की दोन्हींनी, हे एका मुलीवरून सांगता येणार नाही आणि मी सांगतही नाही. वडिलांच्या अपेक्षेला तेवढी प्रगती पुरेशी नव्हती. जून २०२४ मध्ये त्यांनी तिला पुढच्या प्रवेशाचा विचार करून दुसऱ्या शाळेत घातले. मी माझे मत एकदा सांगितले. मुलगी त्यांची आहे. आजी अजूनही भाजीला जाताना पडवीशी थांबतात.

तांब्याचे पुढे काय झाले

२०२४ चा पावसाळा मराठवाड्यात चांगला झाला. आमची बोअर भरून आली आणि मोटर थांबवावी लागेपर्यंत पाणी येऊ लागले. तांब्याचा नियम आम्ही तसाच ठेवला, कारण तो चांगला चालला होता आणि चाललेली गोष्ट मोडवत नाही. सप्टेंबरात त्या वर्षी नव्याने आलेल्या एका मुलीने तांब्या संपल्यावर माझ्याकडे पाहिले, मग अंगणातल्या वाहत्या नळाकडे पाहिले आणि म्हणाली, “बाई, तिथं तर लई पाणी हाय की.” मी तिला पाणी जपून वापरावे वगैरे सांगितले. मुले मोठ्या माणसांचे जसे ऐकतात तसे ती ऐकत होती, म्हणजे माझ्या तोंडाकडे बघत. सहकारी बाई नंतर म्हणाल्या, “गेल्या वर्षी तांब्या खरा होता. आता तो तुमचा हट्ट आहे.” यात त्यांचे बरोबर होते.

त्याच आठवड्यात आम्ही नियम काढला. तांब्या माठावर गेला. आता मुले हवे तेवढे पाणी घेतात. अट एकच आहे, फरशी कोरडी झाल्याशिवाय पुन्हा भरायचे नाही, आणि ती समजावून सांगावी लागली नाही, कारण पहिल्या दोन दिवसांतच तिघे घसरून पडले होते, त्यांपैकी एक मी.